मावल्याचं दगडी घर आणि कोजागरी

माझं माहेर अथणीचं आणि सासर आदिलाबादजवळच्या मावल्याचं. आई पहिल्यांदा इथं आली तेव्हा भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "कल्लिन मनी! उन्हाळ्यात थंड राहील गं." काळ्या दगडाच्या दीड हात रुंद भिंती, सागवानी तुळया, वर कवेलू, पुढं ओसरी. सासऱ्यांच्या आजोबांनी निजामाच्या अमलात बांधलेलं हे घर 1956 साली आंध्र प्रदेशात गेलं आणि 2014 साली तेलंगणात. अथणीही 1956 सालीच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. राज्यं बदलली, घरं मात्र जागच्या जागी राहिली.

हे घर बिघडवलं ते मीच. बारा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं बैठकीच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं आणि वर गुलाबी ऑइलपेंट लावला. पहिली दिवाळी झकास गेली. पुढं दर पावसाळ्यात पोपडे सुटू लागले, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येऊ लागला. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, भिंतीला घाम फुटलाय. कोंडलंस तू तिला." मी ते हसण्यावारी नेलं.

सासूबाई गेल्या आणि वर्षभरातच धाकट्या भाऊजींनी विषय काढला. "वहिनी, पाडून टाकू. निम्मी जागा विकू, निम्मीवर स्लॅबचं घर बांधू." त्यांचंही चुकत नव्हतं. ओल तर सगळ्यांना दिसतच होती. ह्यांनी एक वर्षाची मुदत मागून घेतली.

एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं प्लास्टरचा एक तुकडा उचकटून आतला ओला दगड दाखवला. पायातून चढणारी ओल पूर्वी चुन्याच्या दर्जांमधून बाहेर पडून वाळायची. सिमेंट आणि ऑइलपेंटनं तिची वाटच बंद झाली होती. सासूबाई वेगळं काय सांगत होत्या?

हिवाळ्यात सगळं प्लास्टर खरवडून काढलं, होळीपर्यंत भिंती उघड्या वाळू दिल्या. मग कळीचा चुना भिजवून मुरवला. त्यात वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा आणि बेलफळाचा गर. आपण चुना म्हणतो, माहेरी त्याला सुण्णा म्हणतात आणि इथले गवंडी तेलुगूत सुन्नम. दर्जा भरून झाल्यावर ओली गोणपाटं लावून ठेवली. चुना हवेनं हळूहळू घट्ट होतो, घाईनं वाळवला तर तडकतो. दिवसातून तीनदा गोणपाटांवर पाणी शिंपडणं हेच माझं काम. खरी परीक्षा पावसाळ्याची होती. आषाढ-श्रावणात मी रोज सकाळी भिंतीला हात लावून बघायची.

सजावटीला बाजारातून फारसं काही आणलं नाही. बाहेरचा दगड तसाच ठेवला, आतून पांढरा चुना दिला. जुनी शहाबादी फरशी घासून घेतली. आपल्या कलबुर्गीकडचा हा दगड इथंही पायाखाली आहे याचं अप्रूप वाटतं. देवळीत आदिलाबादकडच्या ओझा कारागिरांनी ओतलेला ढोकरा दिवा ठेवला. या कलेला 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ओसरीवर सासूबाईंची घोंगडी अंथरली.

कोजागरीला सगळ्यांना बोलावलं. आश्विनातली थंडी इथं लवकर जाणवते. अंगणात चंद्राखाली दुधाचं पातेलं ठेवलं. अथणीकडं हीच शीगी हुण्णिमे, शेतात चरगा टाकायचा दिवस. म्हणून आई शेंगापोळ्या आणि कडक भाकरी घेऊन आली होती. मी अंबाडीची भाजी केली होती. आई तिला पुंडी म्हणाली, शेजारीण गोंगुरा. नावावरून वाद झाला, पण पातेलं रिकामं झालं.

भाऊजी उशिरा आले. दूध घेताना भिंतीला टेकून बसले, मग मागं हात नेऊन दगड चाचपला. काही बोलले नाहीत. विकण्याचा विषय त्या रात्री निघाला नाही, पुढं निघेलही. पण निघताना चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, "वहिनी, आईच्या खोलीला चुना किती लागेल?"