गजावरची खूण

आमच्या घरी ठासणीची बंदूक आजोबांच्या खाटेच्या उशाशी, भिंतीला टांगलेली असे. भात लोंबीवर आलं की रानडुकरं एका रात्रीत शेत लोळवून टाकत, म्हणून परवाना मिळालेला. कोकणात अशा बंदुका पुष्कळ घरांत होत्या, अजून आहेत.

ती घेताना आजोबांनी दुकानात दोन बंदुका पाहिल्या होत्या. एक दस्त्यावर नक्षी असलेली, एक अगदी साधी. गजाला पांढरी चिंधी गुंडाळून त्यांनी दोन्हींच्या नळीत फिरवली. नक्षीवालीतून ती गंजाने तांबडी होऊन आली. साधीचा घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबून पाहिला. घोडा पडला नाही. तीच घरी आली.

बार भरायला त्यांनी मला तेराव्या वर्षी शिकवलं. नळी उभी, तोंड आपल्यापासून दूर. बांबूच्या कांडीने मोजून दारू, त्यावर सोडणाचा काथ्या, मग शिशाची गोळी, वर पुन्हा काथ्या. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी फाटते. केप सर्वांत शेवटी. बार झाल्यावर नळी गरम पाण्याने धुवायची, कारण दारूची काजळी ओल धरते, आणि कोरडी करून खोबरेल लावायचं. (आजीच्या डोक्याचं तेल यातच संपे, त्यावरून घरात रोज बोलणी.)

गजावर आजोबांनी सुरीने दोन खाचा केल्या होत्या. एक रिकाम्या नळीची, एक पूर्ण बाराची. गज आत सोडला की खाच नळीच्या तोंडाशी यायला हवी.

1969 साली, मी चौदा वर्षांचा असताना, आम्ही भेकराच्या शिकारीला गेलो. गोळीने मेलेलं जनावर आजोबा घरात येऊ देत नसत. जिवंत गाठून, बिस्मिल्लाह म्हणून जबह केलं तरच. ठासणीची बंदूक पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणजे बार एकच. हाका सुरू झाला होता, माणसं घाई करत होती. मी कांडी न वापरता अंदाजाने दारू ओतली. गज सोडला तर खाच बोटभर आत गेली. दारू कमी पडली हे मला दिसलं. मी काही बोललो नाही. केप लावली आणि बंदूक आजोबांच्या हातात दिली.

गोळी खाली गेली. भेकर पोटात लागून जाळीत घुसलं. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर हिंडलो. सकाळी ते पऱ्याच्या काठी मेलेलं सापडलं. आजोबांनी सुरी कमरेची काढलीच नाही. आम्ही खड्डा खणून ते पुरलं.

येताना ते म्हणाले, "नजर गेली रे माझी." त्यानंतर ते शिकारीला गेले नाहीत. नजर गेली नव्हती. मरेपर्यंत ते चष्म्याशिवाय कुरआन वाचत होते. मला पाच वर्षं मिळाली होती सांगायला. 1972 साली वन्यजीवांचा कायदा आला, शिकारीवर बंधनं आली, आणि मला वाटलं की आता सांगण्यात काय अर्थ.

बंदूक आता माझ्या नावावर आहे. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करतो, परत आणली की धुतो, तेल लावतो. गेल्या वेळी नातवाने गज हातात घेऊन विचारलं, "नाना, ह्या खाचा कशाला?" खाचा कशाला ते त्याला सांगितलं. भेकराचं मात्र आज इथेच पहिल्यांदा लिहितोय.