जमिनीत पुरलेले सोने

मुंबईच्या फोर्ट भागात हजारीमल सोमाणी मार्गावर ‘एस्प्लनेड हाऊस’ ही व्हिक्टोरियाकालीन भव्य वास्तू उभी आहे. जमशेटजी टाटांचे हे निवासस्थान. मुंबईकरांना तिचा अभिमान असणे साहजिकच; परंतु तिच्या मालकाची कीर्ती ज्या गिरणीने वाढविली, ती आमच्या नागपूरची.

१८७४ साली १५ लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापून जमशेटजींनी गिरणीसाठी मुंबईऐवजी नागपूर निवडले. कारण कापूस येथे जवळ होता. जुम्मा तलावालगतची दलदलीची जागा भराव घालून तयार करावी लागली. तेव्हा येथील एका मारवाडी सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले. हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे मत. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे तिची भरभराट पाहून त्याच सावकाराने कबूल केले, की टाटांनी माती पुरली आणि सोने काढले!

फोर्टमधील ती हवेली पुढच्याच दशकातली. त्याच दशकात, १८८६ साली, जमशेटजींनी कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला. १८९५ पासून अपघातग्रस्तांना भरपाईही मिळू लागली. कायद्याने अशी भरपाई १९२३ साली आणि भविष्यनिर्वाह निधी १९५२ साली आला. मालकाचा महाल आणि मजुराचे म्हातारपण, दोहोंची तरतूद एकाच वहीत झाली होती.

बँकेत असताना एक वृद्ध मुनीम माझ्याकडे येत असत. तीस वर्षे त्यांनी एकाच दुकानाचा हिशेब चोख ठेवला होता. शेठजींचा नवा बंगला त्यांच्याच हातच्या खतावणीतून उभा राहिला. स्वतःच्या पासबुकात मात्र दोन महिन्यांच्या किराण्यापुरतीही शिल्लक नसे. कायद्याचा भंग कोणी केला नव्हता. वीसपेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानास भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सहसा लागूच होत नाही.

आपल्या बहुतेक पेढ्या अशाच लहान आहेत. म्हणून हा प्रश्न कायद्याचा नसून आपल्या विवेकाचा आहे. एम्प्रेस मिल बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. हवेली उभी आहे, आणि तो निधीचा पायंडा देशाचा कायदा होऊन बसला आहे. या दिवाळीत नवी वही पूजताना पहिल्या पानावर मुनिमाच्या नावे एक खाते उघडावे. दरमहा थोडी रक्कम पुरे. बाकीचे काम व्याज करते.