भंगारातली करवत

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी लेख लिहायचा तो पावसावर, आईवर, किंवा फार तर राजगडावरच्या सहलीवर. मी लिहिते आहे ते एका करवतीवर. करवत म्हणजे सुताराच्या हातातली नव्हे. पेट्रोलवर चालणारी, साखळीला दात असलेली, जिचा आवाज सुरू झाला की खोऱ्यातली कुत्री भुंकू लागतात ती. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या मामाने तसली एक जुनी करवत भंगारातून उभी केली. त्या कामात बॅटरी धरणे, सुटे भाग ओळीने मांडणे आणि आकडे वहीत उतरवणे एवढाच माझा वाटा होता. पण परीक्षेसाठी केलेल्या टिपणांपेक्षा ती वही मी जपून ठेवली आहे.

मामाचे गाव वेल्हे तालुक्यात. तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय 2024 साली झाला, पण आमच्या भोरच्या घरात अजून ‘वेल्ह्याला जाऊन येतो’ असेच म्हणतात. मामाचे भात, नाचणी, दोन म्हशी आणि उरलेल्या दिवसांत झाडे तोडण्याची मजुरी. झाडे तोडतो म्हटले की शहाण्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडत असे. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आमच्याकडे आले, घरांचे पत्रे उडाले, रस्त्यांवर झाडे आडवी झाली, तेव्हा सगळ्यांना ज्यांची आठवण झाली ती हीच माणसे.

मामा तेव्हा भाड्याच्या मशीनवर काम करी. भाडे, पेट्रोल आणि साखळीची झीज वजा जाता त्याच्या हातात साध्या मजुराइतकेच पैसे राहत. बाजारात स्वस्त मशिनी मिळतात हे खरे, पण त्या फांद्यांना ठीक. चार फुटी बुंध्याचा आंबा समोर आला की त्या धापा टाकू लागतात. मामाला जुन्या घडणीची, मोठ्या सिलिंडरची हवी होती, आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती.

पहिला सांगाडा मिळाला नसरापूरजवळच्या एका भंगाराच्या दुकानात, ॲल्युमिनियमच्या भावाने, वजनावर. नावाची पट्टी केव्हाच गेलेली. दोरी ओढली तर इंच हलेना. दुसरा सांगाडा आम्ही रविवारी पुण्याला मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातून आणला. त्या मशीनची कूस फुटलेली होती, पण पिस्टन, कार्बोरेटर, पाते आणि एक बोथट साखळी शाबूत होती. एकीचा देह आणि दुसरीचे अवयव असा हा प्रकार. बसस्टॉपवर मामाने पोते मांडीवर घेतले होते, आणि शेजारच्या बाईंनी “काय, कोंबडा आहे का?” असे विचारले होते.

पहिल्या मशीनच्या प्लगच्या भोकातून आम्ही डिझेल आणि रॉकेल ओतून ठेवले. रोज संध्याकाळी मामा लाकडी ठोकळ्याने अलगद ठोकी. आठव्या दिवशी पिस्टन सुटला. त्याच्या एका अंगाला नांगराच्या तासासारख्या रेघा उठल्या होत्या. कापूरहोळच्या लेथवाल्याने व्हर्नियर लावून सांगितले : सिलिंडरचा व्यास 58 मिलिमीटर, पिस्टनची चाल 40. मी वहीत गुणाकार केला. साधारण 105 सी.सी. भरले. दहावीनंतर पाय या संख्येची आणि माझी ही पहिलीच भेट. सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा होता, म्हणून तो बोअर करून मोठा करता येत नव्हता. भिंतीला चिकटलेले ॲल्युमिनियम मामाने काडीला कापूस गुंडाळून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने, फक्त रेघांपुरते टिपून काढले. दुपारभर तो तेच करत होता. लहान मुलाच्या डोळ्यातली घाण आई काढते तशा हाताने.

आता दुसऱ्या मशीनचा पिस्टन घालून मोकळे व्हायचे, असे मला वाटले. मामा म्हणाला, “आधी ही मेली कशानं ते बघू. न्हायतर दुसराबी पिस्टन मरंल.” डॉक्टरांनाही हे नेहमी सुचत नाही.

या जातीच्या इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, एका लिटरला 40 मिलिलिटर, आणि ते मिश्रण खालच्या पेटीतून वर जाताना सगळ्यांना माखत जाते. म्हणून ती पेटी हवाबंद हवी. कुठून हवा आत आली तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. मामाने सगळी तोंडे रबराने बंद केली, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि साबणाचा फेस लावला. चाकाच्या बाजूच्या ऑइल सीलपाशी बुडबुडे उठले. पंक्चरवाल्याची विद्या. दोन रुपयांच्या रबराची ओठी वाळली होती आणि तिच्यापायी सबंध मशीन भंगारात गेले होते. सील आणि बेअरिंग भोरमध्येच मिळाले, कारण बेअरिंगवर कोरलेला आकडा जगात सगळीकडे तोच असतो. 6203 म्हटले की आत 17, बाहेर 40 आणि जाडी 12 मिलिमीटर, मग ते जर्मनीत घडवलेले असो की आपल्याकडे. मला ही गोष्ट फार धीराची वाटली.

पॅकिंग आम्ही घरीच कापले. कागद पेटीच्या काठावर ठेवून छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकत गेले की आकार आपोआप उमटतो. कंडेन्सर जुन्या बजाज स्कूटरचा. कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखा तरंगता गोळा नसतो, रबरी पडदा असतो, म्हणूनच ही करवत आडवी-उभी कशीही धरली तरी चालते. तो पडदा नवा घ्यावा लागला. पॉइंट नेमके कधी उघडतात हे पाहण्यासाठी मामाने विडीच्या बंडलाचा पातळ कागद मध्ये धरला आणि चाक हळूहळू फिरवले. कागद ज्या क्षणी सैल झाला तिथे खूण केली. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. हे शोभेसाठी नव्हते. जुन्या मशिनींचा हादरा थेट हाडांत जातो. असली यंत्रे वर्षानुवर्षे धरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होतात, हे परदेशातल्या जंगल कामगारांवरून 1960 च्या दशकात ध्यानात आले आणि मग मुठीखाली रबर बसवू लागले. मामाच्या उजव्या हाताची दोन बोटे डिसेंबरात सकाळी तशी होतात. तो ती चहाच्या कपाला लावून बसतो आणि कुणी विचारले तर ‘गारठा’ म्हणतो.

करवत सुरू झाली. चाळीस-एक वेळा दोरी ओढल्यावर, सगळ्या अंगणात पेट्रोलचा वास भरल्यावर, ती एकदम ओरडली. मामाने स्क्रू पिळून आवाज जरा फडफडता ठेवला. स्वच्छ, उंच आवाज कानाला गोड लागतो, पण त्यात पेट्रोल कमी पडते आणि पुन्हा तेच मरण. एवढे सगळे झाले, आणि लाकडाला लावली तर ती वाकडी कापू लागली.

आता मला थोडे मागे जायला हवे.

मशीन येण्यापूर्वी आजोबा आणि अण्णा दोघांची करवत ओढत. अण्णा म्हणजे चार घरे सोडून राहणारे. आजोबांचे रक्ताचे कुणी नव्हेत, पण वीस वर्षे एकाच पात्याची दोन टोके धरलेले. त्या करवतीत ढकलायचे नसते, असे आजोबा सांगतात. आपण फक्त ओढायचे, आणि समोरचा ओढतो तेव्हा हात सैल सोडायचा. ढकलले की पाते वाकते. 1994 च्या सुमारास एका ठेकेदाराने आजोबांच्या हाती मशीन दिले. एका माणसाच्या मशीनवर दोघांची मजुरी कोण देणार? अण्णांचे टोक रिकामे झाले. भांडण झाले नाही, शिवीगाळ झाली नाही. लग्नकार्यात दोघे एकाच पंगतीला बसत. फक्त बोलत नसत. मला कळू लागले तेव्हापासून मी त्यांना एकमेकांशी बोलताना ऐकले नव्हते.

गंमत अशी की साखळीची करवतही सुरुवातीला दोघांचीच होती. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 साली विजेवर चालणारी पहिली करवत केली, तीही दोन माणसांनी उचलायची. एका माणसाला पेलतील अशी यंत्रे सर्रास व्हायला 1950 चे दशक उजाडावे लागले. जो बदल तिकडे पंचवीसएक वर्षांत हळूहळू झाला, तो आमच्या गावात एका सकाळी झाला.

तर, करवत वाकडी कापत होती. साखळीचे डावे दात लांब आणि उजवे आखूड असले की पाते एका बाजूला ओढ घेते. मामाने दोनदा कानस चालवली, उलट जास्तच वाकडी झाली. आजोबा ओट्यावरून बघत होते. ते म्हणाले, “अण्णाकडं दे.”

मामा खाली बघत राहिला. शेवटी साखळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून मीच गेले.

अण्णांनी डबा उघडला, साखळी बोटांवरून जपमाळेसारखी सरकवली. “कुनी धाडलं?”

“आजोबांनी.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन गोल कानशी घेऊन आले. साखळीचे माप कसे घेतात ते मी वाचून गेले होते : लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर, भागिले दोन. आमचे भरले सव्वादहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कानस साडेपाच मिलिमीटरची. मी हे सांगेपर्यंत त्यांनी तीच कानस उचलली होती. सगळ्यांत झिजलेला दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणायचे, हा त्यांचा हिशेब. प्रत्येक दाताला तेवढेच हात, तोच कोन, पुढे जाताना दाब आणि मागे येताना उचल. दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, तो दाखवून ते म्हणाले, “हा दात, आन् हा त्येचा मुकादम. मुकादम जेवढा वाकंल, तेवढंच दातानं खायाचं.” दोघांच्या जुन्या करवतीतही असाच मुकादम असे म्हणे. नखाच्या जाडीइतका तो दातापेक्षा खाली हवा. जास्त खाली गेला की मशीन उसळते, वर राहिला तर नुसता भुसा उडतो.

मी त्यांना जोसेफ कॉक्सची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेतल्या ओरेगॉनचा लाकूडतोड्या. 1946 साली त्याने एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती डावी-उजवीकडे जबडा चालवत लाकडाच्या रेषांची पर्वा न करता बोगदा काढत होती. त्या जबड्यावरून त्याने साखळीचा दात घडवला. आज जगात जी साखळी चालते तिच्यात तोच दात आहे.

अण्णांनी कानस थांबवली. “म्हंजी भिरूड. आंब्यातलं. खोडाला कान लावला की करकर ऐकू येतं.” आणि जरा थांबून, “आमीबी ऐकलं व्हतं की.” त्यात खंत होती की नुसती माहिती, मला ठरवता आले नाही.

साखळी चढवली, आणि करवत ओळंब्यासारखी सरळ उतरली.

तिला ब्रेक नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर ती उसळून थेट तोंडावर येते, म्हणून मामाने तेवढ्या भागाला पांढरा रंग दिला आहे आणि तो कधी लाकडाला लागू देत नाही. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. मालकाकडे परवानगीचा कागद नसेल तर मामा दोरीला हात लावत नाही. आणि देवराईत तर नाहीच. आमच्या तालुक्यात शिरकोलीच्या शिरकाईसारख्या राया अजून आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा रायांचा अभ्यास केला. पण मामाने तो वाचलेला नाही. त्याच्या लेखी तिथले पडलेले लाकूडही देवीचे. आजोबांच्या तरुणपणी भोवतालचे डोंगर कोळशाच्या भट्ट्यांसाठी बोडके झाले, त्यात आजोबांचा आणि अण्णांचाही हात होता, आणि राई तेवढी राहिली. यावर घरात कुणी भाषण करत नाही. करवत मात्र रायेच्या वाटेने जाताना पोत्यात घालून नेतात.

जूनमध्ये पहिल्या वाऱ्याला केळदच्या रस्त्यावर एक आंबा आडवा झाला. मामाने तो दुपारपर्यंत मोकळा केला. त्या दिवशी भाड्याचे पैसे कुणाला द्यायचे नव्हते.

करवत सुरू झाली तेव्हा अण्णा बघायला आले नाहीत. नंतरही आलेले नाहीत. पण दर आठ-दहा दिवसांनी बिस्किटांचा डबा त्यांच्याकडे जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. साखळीमागे 40 रुपये ते मोजून घेतात. दिवाळीच्या सुटीत डबा आणायला मीच गेले होते. दात कसे झिजले आहेत यावरून हात कसा चालतो ते त्यांना कळते. डबा देताना म्हणाले, “म्हाताऱ्याला सांग, पोरगा आजून ढकलतोय.”

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. आजोबा हसले नाहीत. काठी आपटून त्यांनी मामाला ओट्यावर बोलावले.