तोतया, पार्वतीबाई आणि माझी अर्धवट राहिलेली मालिका

या धाग्यात गेले काही दिवस आपण पानिपतानंतरचे पुणे पाहत आहोत. आज तोतयाच्या प्रकरणापाशी आलो आहोत, आणि येथे मला थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. हे प्रकरण मी इतिहासाची विद्यार्थिनी होण्याआधीच एका कादंबरीत लिहून टाकले होते, आणि चुकीचे लिहिले होते.

बारावीच्या सुट्टीत मी ती मालिका हाती घेतली. योजना सात खंडांची, काळ १७६१ ते १८१८. पानिपतावर पडलेले सैन्य दरवर्षी वेताळाच्या हुकुमाने दक्षिणेकडे निघते, ही मध्यवर्ती कल्पना. नायक पेशवे दफ्तरातला एक कारकून, मेलेल्यांची हजेरी मोडीत मांडणारा. (हा कारकून मला आजही आवडतो.) दोन खंड पुरे झाले, तिसरा अर्ध्यावर आला, आणि एम. ए.च्या पहिल्या वर्षी मी वह्या माळ्यावर टाकल्या.

पहिला धक्का साधाच होता. ‘ऐन संक्रांतीला’ या शब्दांनी माझा पहिला खंड उघडत होता. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तेव्हा संक्रांत गृहीतच धरलेली. परंतु संक्रांतीची इंग्रजी तारीख शतकागणिक पुढे सरकते. त्या वर्षी संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. भुतांचे संपूर्ण पंचांग मी एका चुकीच्या तिथीवर उभारले होते! हे सुधारता आले असते. दुसरी गोष्ट सुधारता येईना.

सदाशिवरावभाऊ रणात पडले, हे वृत्त पुण्यास पोहोचले. पण पाहिलेले कोण? शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशिराज सांगतो की शिर नसलेले धड सापडले, ओळख पटवून अग्नी देण्यात आला. दूर पुण्यात मात्र शंकेला जागा उरली. पत्नी पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या, त्या जिवंत परतल्या आणि त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. एक वर्ष नव्हे, दोन नव्हे. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत.

याच शंकेच्या फटीतून तोतया आत आला. कनोजी ब्राह्मण, नाव बहुधा सुखनिधान. माधवराव पेशव्यांच्या काळात तो पकडला गेला, कैदेत पडला. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, बारभाई आणि रघुनाथराव यांच्या झगड्यात राज्य विस्कटले, आणि हा कैदी रत्नागिरीहून सुटून कोकणात भाऊसाहेब म्हणून वावरू लागला. माणसे, किल्ले त्याच्याकडे वळले. सगळे फसले होते असे मला वाटत नाही. ज्यांना बारभाई नको होते, त्यांना एक भाऊ हवा होता. अखेर तो पराभूत झाला, पुण्यात आणून चौकशी झाली आणि १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा दिली गेली.

माझ्या तिसऱ्या खंडात तोतया खराच होता. परकायाप्रवेश करून भाऊंचा आत्मा त्या कनोजी देहात आलेला, आणि केवळ पार्वतीबाईंना तो ओळखू येतो. सतराव्या वर्षी मला हे विलक्षण वाटले होते. पुढे मोडी शिकले, दफ्तरातले कागद वाचू लागले, आणि हा प्रसंग असह्य झाला. बावीस वर्षांच्या वाट पाहण्याला मी एका रात्रीत बक्षीस देऊन टाकले होते. जे त्या बाईच्या वाट्याला कधीच आले नाही, ते तिला कागदावर देणे ही दया नव्हे, हे समजत होते. मग काय आहे, ते उमगत नव्हते. म्हणून लेखनच थांबवले.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ १९७२ च्या दुष्काळात कामासाठी मुंबईस म्हणून गावाहून निघाला. तो परतला नाही. भाऊ नसलेल्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. आजीने चंद्राला कधी ओवाळले नाही. ती पाट मांडी, भोवती रांगोळी काढी आणि रिकाम्या पाटाला ओवाळी. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहून प्रतिमेचे दहन करण्याचा विधी शास्त्रात आहे. कोणी तो विषय काढला, की आजी उठून आत जाई. लहानपणी मला वाटे, तिला तो येईल अशी खात्री आहे. मोठेपणी एकदा विचारले, तर म्हणाली, “येणार नाही, ठाऊक आहे गं. पण मी कशाला म्हणू?”

आजी गेल्या वर्षी गेली. दिवाळीत पाट कोणी मांडला नाही.

त्यानंतर महिन्याभराने वह्या खाली काढल्या. परकायाप्रवेश गेला. तोतया आता तोतयाच आहे, धूर्त आणि शेवटी घाबरलेला माणूस. मरताना तो स्वतःच्या आईला हाक मारतो, हे माझे कल्पित आहे, इतिहास म्हणून कोठे पुढे पाठवू नये. पार्वतीबाईंना तो एकदाही भेटत नाही. भुतांच्या राज्यात एक नवा नियम आला आहे: ज्याला कोणी मृत म्हटलेले नाही, त्याचे नाव वेताळाला पुकारता येत नाही.

परवा रात्री तिसऱ्या खंडाचे पहिले पान नव्याने लिहिले. पौष शुद्ध अष्टमी, कारकून हजेरी घेत आहे. विश्वासराव हजर. जनकोजी शिंदे हजर. पुढची ओळ तो दरवर्षीप्रमाणे कोरी सोडतो, वाळू टाकून शाई टिपतो आणि पान उलटतो.

पुढील भागात रत्नागिरीचा किल्ला आणि तोतयाची सुटका, या वेळी केवळ कागदपत्रांच्या आधारे.