लॉगवर न उमटणारं पाणी

मुलचेरा तालुक्यात पाऊस चांगला होतो. धानाच्या बांध्या पावसाळाभर भरलेल्या असतात, सागाच्या जंगलातले नाले खळाळत असतात. तरीही उन्हाळा आला की एखाद्या टोल्यावरचा, म्हणजे लहान वस्तीवरचा, हातपंप कोरडा पडू लागतो. याचं कारण जमिनीखाली आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या बऱ्याच मोठ्या भागात नाइस आणि ग्रॅनाइट हे अतिप्राचीन कठीण खडक आहेत. त्या खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये. पश्चिमेला प्राणहितेच्या खोऱ्याकडे सरकलं की गोंडवनाचे वाळूदगड आणि शेल लागतात. तिथले थर एकावर एक, बरेचसे आडवे असतात आणि तिथला हिशेब त्या मानाने सरळ असतो. नाइसमध्ये मात्र प्रत्येक बोअरचा विचार नव्याने करावा लागतो.

माझं काम या बोअरमध्ये प्रोब सोडून खडकाची विद्युतवाहकता मोजण्याचं आणि त्या मोजणीचं गणिती प्रारूप, म्हणजे मॉडेल, बांधण्याचं. बोअरमधलं खोलीनुसार नोंदवलेलं पहिलं विद्युत मोजमाप, म्हणजे विद्युत लॉग, श्लुंबर्जे बंधूंच्या चमूने फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथे १९२७ साली केलं. त्यात विद्युताग्रांतून खडकात थेट प्रवाह सोडावा लागे, म्हणून बोअरमध्ये वीज वाहून नेणारं पाणी किंवा चिखल असणं गरजेचं होतं. पुढे आंरी डॉल यांनी १९४९ मध्ये प्रवर्तनाची रीत मांडली. एका कॉइलमध्ये प्रत्यावर्ती प्रवाह सोडायचा. तिच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भोवतालच्या खडकात बोअरच्या अक्षाभोवती प्रवाहाची वर्तुळं फिरू लागतात. त्या वर्तुळांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. त्यामुळे बोअर कोरडी असली किंवा तिला पीव्हीसी केसिंग असलं तरी मोजता येतं. लोखंडी केसिंग असेल तिथे मात्र काही चालत नाही.

हे क्षेत्र किती क्षीण असतं, ते आकड्यांतूनच कळतं. बारीक बोअरसाठी वापरतात त्या प्रोबमध्ये दोन कॉइलींत साधारण अर्ध्या मीटरचं अंतर असतं आणि वारंवारता चाळीस किलोहर्ट्‌झच्या आसपास. खडकाची वाहकता मीटरला १० मिलिसीमेन्स असेल, तर खडकाकडून परत येणारा संकेत मूळ क्षेत्राच्या दहा हजारांत चार भाग इतका भरतो. अभंग नाइसची वाहकता १ मिलिसीमेन्स किंवा त्याहूनही कमी, म्हणजे संकेत लाखात चार भाग किंवा त्याहून कमी. हा संकेत मूळ क्षेत्रापेक्षा पाव आवर्तनाने मागे-पुढे असतो, म्हणून तो वेगळा काढता येतो. तरी प्रोब थोडा तापला, की तेवढ्यानेही लॉगची रेघ सरकते.

मॉडेल बांधताना मी आधी भेगा, मुरूम सगळं बाजूला ठेवून एकसंध खडकाचं उत्तर काढतो, कारण त्याचं सूत्र हातात असतं. संगणकाचं उत्तर त्याच्याशी जुळलं की मगच पुढची पायरी. संगणकात खडकाची जाळी करतो; कॉइलजवळ तिचे चौकोन सेंटिमीटरच्या मापाचे, आणि दूर जावं तसे मोठे मोठे. मग त्या जाळीत एकेक भेग घालायची आणि प्रोब वरून खाली नेताना रेघ कशी हलते ते पाहायचं. या टप्प्यावर मॉडेल बोलू लागतं.

समजा, १० सेंटिमीटर जाडीचा आणि २०० मिलिसीमेन्सचा चिकणमातीचा पट्टा आहे. दोन कॉइलींचा प्रोब त्यावरून गेला की पार्श्वभूमीच्या वर सुमारे २० मिलिसीमेन्सची उशी उठते. आता पट्टा २० सेंटिमीटरचा करा आणि वाहकता निम्मी. उशीची उंची तेवढीच राहते, कडांचा उतार मात्र किंचित बदलतो. म्हणजे जाडी आणि वाहकता यांचा गुणाकार लॉगवर दिसतो. ते दोन आकडे वेगवेगळे हवे असतील, तर दुसरी साधनं लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एक सेंटिमीटर रुंदीची आडवी, मोकळी भेग घ्या आणि तिच्यात ५० मिलिसीमेन्सचं गोडं पाणी भरा. एवढी भेग हातपंपाला पुरून उरेल. मॉडेलमध्ये ती रेघ वर उचलते फक्त अर्ध्या मिलिसीमेन्सने. प्रोबच्या स्वतःच्या थरथरीत ती हरवून जाते. चिकणमातीचा पट्टा पाण्याचा थेंब न देता ठळक उठतो आणि गावाला पाणी देणारी भेग उमटतच नाही. तिच्या दोन्ही काठांचा खडक कुजून मातट झाला असेल, तेव्हाच तिची चाहूल लागते.

उभ्या भेगेचं तर आणखी वेगळं. बोअर जिच्यातून खाली गेली आहे अशी उभी भेग असेल, तर उभ्या अक्षाच्या कॉइलचं क्षेत्र त्या भेगेच्या पातळीला समांतर राहतं. तिला भेदून जात नाही, म्हणून तिच्यात प्रवाहाची वर्तुळं तयारच होत नाहीत. आडवी वर्तुळं फिरायची तर त्यांना भोवतालच्या कोरड्या नाइसमधून जावं लागतं आणि तो वाट देत नाही. नाइसमध्ये तीव्र उताराच्या भेगा काही विरळ नाहीत. तेलविहिरींसाठी तिन्ही दिशांना कॉइली असलेले प्रोब आले आहेत. हातपंपाच्या बोअरवर ते कोणी आणत नाही. तिथे कॅलिपरने भिंतीचा खडबडीतपणा पाहावा, पाण्याचं तापमान खोलीनुसार मोजावं, आणि शेवटी पंप लावून पाहावं.

ही सगळी आकडेमोड प्रोब बोअरमध्ये सोडण्याआधी व्हायला हवी, यावर माझा ठाम विश्वास आहे. नंतर केलेलं मॉडेल मिळालेल्या रेघेला शोभेल असं बनवण्याचा मोह होतो आणि जुळणारी रेघ मिळाली की मन थांबतं. आधी केलेलं मॉडेल सांगतं, या खडकात हा प्रोब काय पाहू शकेल आणि त्याच्या नजरेतून काय निसटेल.

म्हणून माझ्या अहवालात तीन रकाने असतात. काय दिसलं, काय दिसलं नाही, आणि काय दिसणं शक्यच नव्हतं. पहिले दोन कोणीही भरतं. तिसरा भरायला क्षेत्राचं गणित करावं लागतं, आणि बोअर सोडून द्यायची की पंप लावून पुन्हा तपासायची, हा निर्णय त्याच्यावर अवलंबून असतो. सपाट रेघ पाहून बोअर कोरडी ठरवली, तर त्या चुकीचा भार पुढचा सगळा उन्हाळा डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बायांवर पडतो. त्यांना लॉग वाचता येत नाही, तो नीट वाचणं ही माझी जबाबदारी आहे. तिसरा रकाना भरल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही.