मोटारीचा फेरफार

गेल्या महिन्यात पुतण्या घरी आला. आमच्या आडत दुकानाचा व्यवहार आता तोच पाहतो. स्वतःच्या मिळकतीतून त्याने पहिली मोटार घेतली, तीही सेकंडहँड, लहानशी हॅचबॅक. खिशातून यादी काढून म्हणाला, "काका, गाडीत थोडं मॉडिफिकेशन करायचं आहे. तुम्ही एकदा नजर घाला." रुंद टायर, उतरवलेल्या स्प्रिंगा, प्रखर दिवे, घुमणारा सायलेन्सर, काळी फिल्म. बँकेत मी वर्षानुवर्षे वाहनकर्जे मंजूर केली, म्हणून मोटारीतले सारे मला कळते, अशी घरात समजूत आहे. जे थोडे कळते, ते एका चुकीमुळे.

१९९६ च्या हिवाळ्यात कुंथलगिरीचे दर्शन घेऊन आम्ही सोलापूरला परतत होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून निघालो, त्यामुळे बहुतेक प्रवास अंधारातला. मागे पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. महिन्यापूर्वी मी ६०/५५ वॅटचे दिवे काढून १००/९० वॅटचे बसवले होते. वायरी मात्र जुन्याच. तुळजापूरच्या अलीकडे रबर जळाल्याचा वास आला आणि बॉनेटखालून धूर निघाला. बॅटरीची तार उपसताना हात पोळला. मुलगी झोपेतून जागीही झाली नाही. पत्नी मात्र पुढे कित्येक महिने रात्रीच्या प्रवासाला राजी नव्हती. विम्याचा दावा फेटाळला गेला. कारण एका ओळीचे: बदल कळवलेला नाही. असेच एका ओळीचे शेरे मी इतरांच्या अर्जांवर अनेकदा मारले होते, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

चूक कोठे झाली, हे नंतर एका वृद्ध इलेक्ट्रिशियनने समजावले. बारा व्होल्टच्या मोटारीत साठ वॅटचे दोन दिवे दहा अँपिअर प्रवाह ओढतात, शंभरचे दोन जवळजवळ सतरा. तारेतील उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. जमेच्या बाजूला उजेड दिसत होता. नावेची बाजू मी पाहिलीच नव्हती.

पुतण्याला म्हटले, "दिव्यांची काच पिवळी पडली आहे, ती आधी पॉलिश करून घे आणि झोत नीट लावून घे." तेवढ्याने फरक पडला.

टायरवर आम्ही बराच वेळ घालवला. बाजूवरचे आकडे त्याने कधी वाचलेच नव्हते. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंचांची. त्याऐवजी १८५/६५ आर १५ बसवला, तर रिम वाढूनही एकूण व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरांचा फरक पडतो. त्याच्या मनात होता २०५/६५ आर १५. त्याने व्यास साडेचार टक्के वाढला असता. काटा ८० दाखवताना खरा वेग ८३ च्या पुढे गेला असता, आणि किलोमीटरही कमी नोंदले गेल्याने मायलेज घसरल्यासारखे वाटले असते. हिशेबाच्या माणसाला हे लगेच पटले. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनी १८५ चे माप देते, तेच ठरले.

फिल्मचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच निकाली काढला आहे. सायलेन्सरविषयी मी फक्त दुकानावरच्या मजल्यात झोपणाऱ्या आजीची आठवण दिली.

राहिला कायदा. शेतजमिनीचा फेरफार तलाठ्याकडे नोंदवावा लागतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मोटारीचा रंग बदलणे, सीएनजी किट बसवणे, हेही नोंदणी पुस्तिकेत चढवावे लागते. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच्या गाडीवर कर्जाचा बोजा आहे, तेव्हा बँकेच्या करारनाम्यातील अटीही वाचाव्या लागतील. त्या बारीक अक्षरांत असतात. मीच कित्येकांच्या सह्या त्यांखाली न वाचता घेतल्या आहेत.

शेवटी मी यादीत नसलेली एक बाब वर लिहिली: ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषते आणि साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. पूर्वीच्या मालकाने कधी बदलले होते, ते पुतण्याला सांगता येईना. तो त्याच संध्याकाळी गॅरेजला गेला. स्प्रिंगांचे काय, असे मी विचारले, तेव्हा हसून म्हणाला, "काका, ते दिवाळीनंतर पाहू."