मांजर म्याऊ म्हणालं!

अहो, माझा फोन म्याऊ म्हणाला! रिंगटोन नव्हे, कुणी फॉरवर्ड केलेला व्हिडिओही नव्हे. स्क्रीनवर मांजराचं चित्र, त्यावर मी बोट टेकवलं आणि म्याऊ! आणि ते ॲप मी केलंय! मी! जिला परवापर्यंत साधा गजरसुद्धा भाचीकडून लावून घ्यावा लागत होता!

थांबा, नीट सांगते. म्हणजे नीट जमणार नाही, पण सांगते.

भाची चौदा वर्षांची. रविवारी माहेरी गेले तर ही दारातच: "आत्या, आमच्या टीमला मेंटॉर हवीये, तू हो ना!" मी म्हटलं, अगं, मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणे, नाही कळलं तरी चालतं! खरंच चालतं! टेक्नोव्हेशन नावाची ही मुलींची जागतिक स्पर्धा. २०१० पासून चालू आहे आणि मला आत्ता कळतंय! वय आठ ते अठरा, टीममध्ये जास्तीत जास्त पाच जणी. आपल्या आसपासचा एखादा प्रश्न शोधायचा, त्यावर ॲप करायचं, त्याचा व्हिडिओ करून पाठवायचा. फी नाही! आणि मेंटॉर म्हणजे शंका विचारणारं, पाठीशी बसणारं मोठं माणूस. शंका? माझ्याकडे ढिगाने!

आणि मग तिने ॲप इन्व्हेंटर उघडलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं आहे, फुकट आहे, आणि त्यात काही लिहायचंच नसतं हो! रंगीत ठोकळे असतात. 'बटण दाबलं की' असा एक ठोकळा, त्याच्या पोटात 'आवाज वाजव' हा दुसरा सरकवायचा, आणि तो बसला की टक् असा आवाज येतो! टक्! मी तो टक् ऐकायला तोच ठोकळा सहा वेळा काढून घातला. आणि नको असलेला ठोकळा कचऱ्याच्या डब्याकडे ओढत नेला की डब्याचं झाकण आपोआप उघडतं! कुणाला सुचलं असेल हे? मग फोनवर एक कोड स्कॅन केला आणि कॉम्प्युटरवरचं मांजर टुणकन फोनमध्ये! नवशिक्यांचा पहिला धडाच हा म्हणे. असेना! माझं मांजर ते माझं मांजर!

आता तुम्ही म्हणाल, मांजराने कुणाचा कसला प्रश्न सुटतो? मीही तेच म्हटलं. तेव्हा भाचीने मला धारावीच्या मुलींबद्दल सांगितलं. नवनीत रंजन या चित्रपटकर्त्याने तिथे 'धारावी डायरी' नावाचं काम सुरू केलं, आणि तिथल्या शाळकरी मुली याच ठोकळ्यांनी ॲप करायला शिकल्या. आणि काय ॲप! एक 'पानी': नळावर हंडा घेऊन ताटकळायचं नाही, रांगेत नंबर फोनवर लावायचा, पाळी आली की फोन सांगणार! एक संकटातल्या बाईसाठी: बटण दाबलं की जोरात गजर आणि घरच्यांना मेसेज. आणि एक 'पढाई': ज्या मुलींना शाळेत जाता येत नाही, त्यांच्यासाठी फोनवर धडे. मुली घरकामात अडकून शाळेला मुकतात हे त्यांनी कुठल्या अहवालात वाचलेलं नव्हतं, शेजारच्या खोलीत पाहिलेलं होतं! मी तर गप्पच झाले. म्हणजे अर्धं मिनिट.

आणि मग आमच्या टीमचा प्रश्न! प्रश्न आतल्या खोलीतच बसला होता, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत. आई! सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही हे तिला दुपारी आठवत नाही. म्हणून ॲप असं, की ठरल्या वेळी फोनने मराठीत बोलायचं: "गोळी घ्या." चाचणीसाठी दर मिनिटाला बोलावं म्हणून मी ऐटीत वेळेच्या रकान्यात ६० टाकले. साठ सेकंद, बरोबर ना? चूक! तिथे हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागाचा! मिनिट म्हणजे ६०,०००! आणि मग फोन जो सुटला, गो-गो-गो-गो-गो, थांबेच ना, आणि भाची हसून लोळतेय, आणि दादा बाहेरून ओरडतोय काय चाललंय, आणि आई फोनला म्हणते, "घेतली रे बाबा, किती ओरडशील!"

आईसारखी परीक्षक कुठे मिळायची नाही. 'घेतली' हे बटण पाहून म्हणाली, "हे मुंगीसाठी केलंय का?" भाचीने बटण वाढवत वाढवत अख्ख्या स्क्रीनएवढं केलं! मग आईने सवयीप्रमाणे ॲप बंद करून फोन उशीखाली ठेवला, आणि पुढच्या वेळेला काहीच वाजलं नाही! आमच्या ॲपचं घड्याळ ॲप उघडं असेल तरच चालतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. आली का पंचाईत? पण भाचीचं डोकं बघा! दादाचा जुना, काच तडकलेला फोन कपाटातून काढला, चार्जरला लावला, आणि देव्हाऱ्याशेजारी उभा केला, ॲप कायम उघडं! आई सकाळी दिवा लावायला तिथे जातेच जाते!

मला वाटतं हेच सगळ्यात भारी. ठोकळेबिकळे ठीक, पण देव्हाऱ्याशेजारी! हे एमआयटीला सुचलं असतं का?

आता रात्रीचे साडेबारा वाजलेत. मी घरी परत आलेय, हे झोपलेत, आणि मी मांजराला नवीन गोष्ट शिकवलीय: फोन हलवला की ते अर्धा सेकंद थरथरतं! हातात गुरगुरल्यासारखं! तुमचा फोन जवळ आहे ना? आणा इकडे, तुमच्यात पण घालून देते. फक्त आवाज बारीक करा हं, मघाशी एकदा म्याऊ झालं तर हे झोपेतच "शुक् शुक्" म्हणाले!